सुजलेले सांधे दोन, दुखरे चौदा : आमवात आणि नैराश्य यांचे एक प्रकरण

सत्तेचाळीस वर्षांच्या, माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या एका बाईंना आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) होऊन सहा वर्षे झाली होती. संधिवाततज्ज्ञांनी त्यांना मानसोपचार विभागाकडे पाठवताना चिठ्ठीत एवढेच लिहिले होते की औषधांचा परिणाम कमी पडतो आहे, पुढच्या टप्प्याचे जैविक औषध (दाह वाढवणारी प्रतिकारयंत्रणेतील ठरावीक द्रव्ये किंवा पेशी रोखणारे) सुरू करण्याचा विचार आहे, परंतु तपासण्यांशी रुग्णाच्या तक्रारी जुळत नाहीत, तरी मत द्यावे. हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. दीर्घ आजार आणि नैराश्य एकत्र आले की जे वारंवार दिसते, ते एका रुग्णाच्या उपचारक्रमात गुंफून येथे मांडले आहे आणि रुग्णाविषयीचे आकडेही त्याच हेतूने घेतले आहेत. संशोधनाचे दाखले मात्र प्रत्यक्षातले आहेत.

आजाराची सुरुवात नेहमीसारखीच झाली होती. दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाशी आणि मनगटांत सूज, सकाळी उठल्यावर तासाहून अधिक टिकणारा ताठरपणा आणि झपाट्याने वाढलेला ईएसआर (शरीरातील दाहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) अशी लक्षणे होती. निदानाच्या वेळी नऊ सांधे सुजलेले, दहा दुखरे, ईएसआर ५२ आणि रुग्णाने स्वतःच्या प्रकृतीला शंभरपैकी दिलेले गुण ६० होते. या मापनात जितके गुण अधिक तितकी प्रकृती वाईट समजतात. आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक ॲसिड, काही महिने अल्प मात्रेत प्रेडनिसोलोन आणि पुढे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन अशा उपचारांनी दीड वर्षात आजार बराच आटोक्यात आला. त्यानंतरची तीन वर्षे बरी गेली. मधूनमधून आजार उसळी घेई आणि काही आठवड्यांत ओसरे.

गेल्या वर्षभरात मात्र चित्र बदलले. प्रत्येक भेटीत दुखऱ्या सांध्यांची संख्या वाढत होती. बाई थकल्या होत्या, झोप तुटक झाली होती, शाळेतील रजा वाढल्या होत्या. मेथोट्रेक्सेटची मात्रा दोनदा वाढवूनही फरक पडला नव्हता. मानसोपचार विभागाकडे पाठवण्याच्या आधीच्या तपासणीत दुखरे सांधे चौदा, सुजलेले दोन, ईएसआर १८ आणि स्वतःच्या प्रकृतीला दिलेले गुण ८० होते. यावरून आजाराच्या तीव्रतेचा डीएएस-२८ हा निर्देशांक ५.६ आला. ५.१ च्या वर तो गेला की आजार तीव्र मानला जातो, त्यामुळे उपचार वाढवण्याचा विचार नियमाला धरूनच होता.

हा निर्देशांक कसा तयार होतो, हे या प्रकरणाच्या मुळाशी आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. त्यात अठ्ठावीस ठरावीक सांधे तपासले जातात. दाबल्यावर दुखणाऱ्या सांध्यांच्या संख्येचे वर्गमूळ ०.५६ ने आणि सुजलेल्या सांध्यांच्या संख्येचे वर्गमूळ ०.२८ ने गुणले जाते. त्यात ईएसआरच्या नैसर्गिक लॉगरिदमची ०.७० पट आणि रुग्णाने स्वतः दिलेल्या गुणांची ०.०१४ पट मिळवली जाते. याचा अर्थ दुखण्याला सुजेच्या दुप्पट वजन आहे, आणि चार घटकांपैकी दोन घटक रुग्णाच्या अनुभवावर उभे आहेत. या बाईंच्या ५.६ पैकी सुमारे ३.२ एवढा भाग दुखऱ्या सांध्यांतून आणि स्वतः दिलेल्या गुणांतून आला होता. वैद्यकीय कागदावर दशांश चिन्हासह छापलेला आकडा पाहिला की तो रक्तातून मोजून काढल्यासारखा वाटतो, पण येथे त्याचा अर्ध्याहून मोठा भाग माणसाच्या अनुभवाचा होता, आणि तो अनुभव कशामुळे इतका बिघडला आहे हे वर्षभरात कोणी विचारले नव्हते. संधिवाततज्ज्ञांना ती विसंगती खटकली, त्यांनी हातांची डॉप्लर सोनोग्राफी करून घेतली आणि तीत सक्रिय दाह अगदी थोडा दिसला. याच टप्प्यावर त्यांनी ती चिठ्ठी लिहिली.

पहिल्या मुलाखतीत बाई मोजके बोलल्या. नैराश्य हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, उलट आपण उदास नसून फक्त दमलो आहोत असे त्यांनी दोनदा सांगितले. त्यामुळे भावनांविषयी विचारण्याऐवजी त्यांचा दिवस कसा जातो, हे विचारले गेले. पूर्वी खडू धरता येईना तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली होती. त्या उदाहरण तोंडी सांगत आणि वर्गातील एखादा विद्यार्थी ते फळ्यावर लिही. दररोज वेगळा विद्यार्थी निवडायचा आणि शक्यतो ज्याला गणिताची भीती वाटते त्यालाच निवडायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. गेल्या काही महिन्यांत पहिल्या बाकावर बसलेल्या एकाच मुलीला त्या उभे करत होत्या. कारण विचारल्यावर म्हणाल्या, “निवडायचं म्हणजे वर्गाकडे बघावं लागतं. ते नकोसं झालंय.” आमवाताच्या प्रश्नावलीत या वाक्याला जागा नाही. हात पूर्वीपेक्षा अधिक निकामी झाले नव्हते, पण ज्या कामात त्यांचा जीव होता त्या कामातून त्यांनी मन काढून घेतले होते.

त्याच भेटीत त्या पुढे म्हणाल्या, “आज बरं वाटलं तरी उद्याचं काही सांगता येत नाही. म्हणून बरं वाटण्याची वाट बघणंच सोडून दिलं.” दीर्घ आजारात माणसाला केवळ वेदना खचवत नाही. आजार कधी उसळेल याचा नेम नसणे तितकेच खचवते. ठरवलेले काम ऐनवेळी रद्द करावे लागते, मग माणूस ठरवणेच बंद करतो. त्यामुळे निराशा टळते हे खरे, पण आनंदाच्या जागाही एकेक करून बंद होतात.

त्यानंतर पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची चाचणी घेतली गेली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत मागील दोन आठवड्यांविषयी विचारतात आणि एकूण गुण ० ते २७ या दरम्यान येतात. १० किंवा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी करावी असा संकेत आहे. बाईंचे गुण १९ आले. पण येथे घाई करून चालत नाही. झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालींतील मंदपणा ही पाच लक्षणे आमवातातही असू शकतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, आमवाताच्या रुग्णांवरील अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सविस्तर मुलाखतीने निदान केलेल्या तीव्र नैराश्याचे प्रमाण १६.८ टक्के आढळले, तर पीएचक्यू-९ वर नैराश्याच्या कक्षेत येणाऱ्यांचे प्रमाण ३८.८ टक्के. या तफावतीचा काही भाग नैराश्याच्या सौम्य छटांचा असणार आणि काही भाग शरीराची लक्षणे मनाच्या खात्यात जमा झाल्याचा. यासाठी रुग्णालयांतील रुग्णांकरिता १९८३ साली तयार झालेल्या चिंता आणि नैराश्य मापनश्रेणीत शारीरिक लक्षणे मुद्दाम वगळलेली आहेत.

म्हणून बाईंचे १९ गुण उलगडून पाहिले. शरीराच्या खात्यात जाऊ शकतील अशा पाच प्रश्नांचे मिळून १० गुण होते. उरलेल्या चार प्रश्नांत कशातही रस न वाटणे ३, खिन्नता ३, आपण घरच्यांवर ओझे आहोत ही भावना २ आणि मरून गेलेले बरे असा विचार १, असे बारापैकी ९ गुण होते. शारीरिक लक्षणे पूर्णपणे बाजूला ठेवली तरी जे उरत होते त्याला थकवा म्हणता येणार नव्हते. सांधे दुखणाऱ्या माणसाला झोप लागत नाही, हे खरे. पण सांधे दुखतात म्हणून कोणी स्वतःला निरुपयोगी ठरवत नाही. नैराश्य ओळखताना माझा भर नेहमी याच फरकावर असतो.

शेवटच्या प्रश्नावरील तो एक गुण पाहून पुढचे प्रश्न थेट विचारले गेले. मरणाचा विचार नेमका कसा येतो, स्वतःला काही करून घ्यावे असे वाटते का, तशी काही योजना आहे का? असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही भीती निराधार आहे. बहुतेकांना विचारल्यामुळे हायसेच वाटते. बाईंच्या मनात योजना नव्हती, पण झोपेतून जाग आली नाही तर बरे असे मात्र पहाटे अनेकदा वाटत असे. त्यांच्या संमतीने पतीला त्या भेटीत सामील करून घेतले, घरातील औषधांचा साठा एका वेळी आठवड्यापुरताच ठेवायचे ठरले, आणि विचार बळावल्यास रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा हे कागदावर लिहून दिले.

नैराश्याचे निदान पक्के करण्याआधी शारीरिक कारणे तपासणे भाग होते. थायरॉइड ग्रंथी मंदावली असेल, रक्तक्षय असेल किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, तर हुबेहूब असेच चित्र दिसू शकते. स्टेरॉइडमुळेही मनःस्थिती बिघडते आणि मात्रा जितकी मोठी तितका धोका अधिक असतो. बाईंचे प्रेडनिसोलोन केव्हाच बंद झाले होते. थायरॉइड आणि बी-१२ ठीक होते, हिमोग्लोबिन किंचित कमी होते, पण एवढ्या खिन्नतेचा खुलासा त्याने होत नव्हता.

एक तपशील मात्र पतीकडून कळला. आठवड्याच्या गोळ्यांच्या डब्यातील मेथोट्रेक्सेटचा कप्पा काही आठवडे भरलेलाच राहत असे. त्या गोळ्यांनंतरचा दिवस मळमळीत जाई, आणि बाईंच्याच शब्दांत, “कशासाठी घ्यायच्या” हेच कळेनासे झाले होते. म्हणजे मात्रा कागदावर वाढत होती, पोटात वाढत नव्हती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे आढळले होते की नैराश्य असलेल्या रुग्णांकडून वैद्यकीय सल्ला न पाळला जाण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट असते. याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. औषध नियमित घेण्यासाठी उद्याचा दिवस आजच्यापेक्षा बरा असेल असा किंचित तरी भरवसा लागतो, आणि नैराश्य नेमका तोच हिरावून घेते.

आधी काय आले, आमवात की नैराश्य? कालक्रमाने अर्थातच आमवात. पण दोघांतील वाट एकतर्फी नाही. दाहाच्या आजारांत शरीरात इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा यांसारखी द्रव्ये वाढतात. त्यांचा मेंदूवरही परिणाम होतो, आणि तापात माणूस जसा कोपऱ्यात पडून राहतो, कोणाशी बोलावेसे वाटत नाही, तशी अवस्था दीर्घकाळ रेंगाळू शकते. यकृतदाहाच्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉन-अल्फा टोचले जाई, तेव्हा त्यांपैकी अनेकांना उपचार चालू असतानाच नैराश्य येत असे. प्रतिकारयंत्रणेतील द्रव्य मन बदलू शकते, याचा तो अगदी उघड पुरावा होता. उलट दिशेने, नैराश्यात झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेने वेदना सहन करण्याची पातळी खाली येते. मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या ज्या मार्गांनी वेदनेला लगाम बसतो, त्यांत सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही मनःस्थितीशी निगडित असलेलीच द्रव्ये काम करतात. हालचाल कमी झाली की स्नायू क्षीण होतात, सांध्यांचा आधार जातो आणि पुन्हा दुखणे वाढते. बाईंच्या बाबतीत या साऱ्या वाटा एकाच वेळी चालू होत्या.

इतके असूनही वर्षभर कोणाला संशय का आला नाही? माझ्या मते याचे कारण दुर्लक्ष नाही, सहानुभूती आहे. शाळेतील सहकारी, घरची माणसे, तपासणारे डॉक्टर, सगळेच म्हणत होते की एवढा आजार आहे, उदास वाटणारच. वाक्य प्रेमाचे आहे आणि खरेही आहे. पण दुःखाचे कारण समजले म्हणजे त्यावर उपचार करण्याची गरज संपली, असा त्याचा जो अर्थ घेतला जातो तो घातक आहे. अस्थिभंग का झाला हे समजले म्हणून कोणी प्लास्टर घालायचे टाळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ६० देशांत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा संधिवात यांपैकी एखाद्या आजारासोबत नैराश्य असलेल्यांची एकंदर प्रकृती, दोन शारीरिक आजार एकत्र असलेल्यांपेक्षाही खालावलेली आढळली. जे नैसर्गिक म्हणून सोडून दिले जाते, ते रुग्णाचे सर्वांत मोठे ओझे असू शकते.

निदान समजावून सांगताना या प्रकरणातील सर्वांत अवघड क्षण आला. गणिताच्या शिक्षिका असल्याने त्यांना निर्देशांकाचे सूत्र दाखवले गेले. त्यांनी कॅल्क्युलेटर मागून घेतला, वाकड्या बोटांत पेन धरून चारही पदे एकाखाली एक मांडली, ३.२ या आकड्याभोवती चौकोन काढला आणि विचारले, “म्हणजे एवढं दुखणं मी मनाने तयार केलं, असं तुमचं म्हणणं आहे का?” दीर्घ आजाराच्या रुग्णांना नैराश्याचे निदान ऐकताना हा अपमान जवळजवळ नेहमीच जाणवतो, आणि त्याला उत्तर देताना शब्द चुकला तर रुग्ण पुन्हा येत नाही. त्यांना सांगितले गेले की दुखणे शंभर टक्के खरे आहे. सांध्यातून निघालेला संदेश मेंदूत पोहोचल्यावर तिथे त्याचा आवाज वाढतो आहे, आणि तो आवाज वाढवणाऱ्या यंत्रणेवर उपचार आहेत. आमवाताचे औषध बंद होणार नाही, तक्रारींची नोंद पूर्वीसारखीच घेतली जाईल, दोन्ही विभाग एकमेकांशी बोलतील. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग पुढची तारीख त्यांनी स्वतःच विचारली.

औषध निवडताना आमवाताची औषधे लक्षात घ्यावी लागली. सेरोटोनिनवर काम करणारी नैराश्यविरोधी औषधे आणि दाहशामक वेदनाशामके एकत्र घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि बाई अशी वेदनाशामके जवळजवळ रोज घेत होत्या. वेदनेवरही उपयोगी पडणारे ड्युलोक्सेटिन हा एक पर्याय होता, पण रक्तस्रावाचा धोका त्यातही आहे, शिवाय मेथोट्रेक्सेटमुळे यकृतावर आधीच लक्ष ठेवावे लागत असताना यकृताला जपून वापरायचे आणखी एक औषध नको, असे ठरले. शेवटी कमी मात्रेत सर्ट्रालिन सुरू केले, रोजचे वेदनाशामक थांबवून गरजेपुरते पॅरासिटामॉल दिले आणि जठराच्या संरक्षणासाठी गोळी जोडली. मेथोट्रेक्सेटची मात्रा वाढवायची नाही, मळमळीसाठी ते तोंडी गोळीऐवजी इंजेक्शनने द्यायचे, असे संधिवाततज्ज्ञांनी ठरवले.

याच्या जोडीला दर आठवड्याला समुपदेशन होते. त्यात विचार बदलण्याआधी कृती बदलण्यावर भर होता. आमवातात या पद्धतीला एक मुरड घालावी लागते. बरे वाटेल त्या दिवशी सगळे काम उरकायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, हा बहुतेक रुग्णांचा क्रम असतो. तो मोडण्यासाठी काम दुखण्यावर न सोडता घड्याळावर बांधले. वीस मिनिटे काम, मग थांबायचे, बरे वाटत असले तरी थांबायचे. हे पाळणे बाईंना सर्वांत जड गेले. पहिले ठरवलेले काम छोटेसेच होते : आठवड्यातून दोन तासांना फळ्यावर लिहायला वेगवेगळा विद्यार्थी निवडायचा.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत काहीच बदलले नाही आणि बाईंनी औषध सोडण्याचा विचार बोलून दाखवला. या औषधांचा गुण दिसायला काही आठवडे जातात हे आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे त्या टिकल्या. सहाव्या आठवड्यापासून झोप सुधारली, मग मरणाचे विचार थांबले. रस मात्र सर्वांत शेवटी परतला. पाचव्या महिन्यात पीएचक्यू-९ चे गुण ८ झाले. त्या वेळी दुखरे सांधे चार, सुजलेले दोन, ईएसआर १७, स्वतः दिलेले गुण ३५ आणि निर्देशांक ४.० होता. सूज आणि ईएसआर जवळपास तिथेच राहिले होते, उतरले होते ते दुखणे. यात सर्ट्रालिनचा वाटा किती, समुपदेशनाचा किती आणि इंजेक्शनमुळे नियमित झालेल्या मेथोट्रेक्सेटचा किती, हे वेगळे काढता येत नाही. अशा एकत्रित उपचारांना आधार मात्र आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आणि अमेरिकेत मधुमेह किंवा हृदयविकारासोबत नैराश्य असलेल्या २१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, एका प्रशिक्षित परिचारिकेने डॉक्टरांच्या मदतीने दोन्ही आजारांचा एकत्र पाठपुरावा केला तेव्हा नैराश्यासोबत रक्तशर्करा, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबही सुधारले.

नवव्या महिन्यात बाईंची तब्येत पुन्हा बिघडली. नऊ सांधे दुखरे, स्वतः दिलेले गुण ५५, निर्देशांक ५.९. नैराश्याचे निदान एकदा फायलीवर चढले की त्यानंतरची प्रत्येक तक्रार मनाच्या नावे टाकण्याचा मोह होतो, आणि तो आधीच्या चुकीइतकाच गंभीर आहे. आदल्या वर्षीच्या ५.६ शी तुलना केली तर हा आकडा फारसा वेगळा नव्हता, पण त्याचे घटक अगदी वेगळे होते : सुजलेले सांधे सात आणि ईएसआर ४६. सोनोग्राफीत दोन्ही मनगटांत स्पष्ट दाह दिसला. हा आमवातच होता. क्षयरोगाची तपासणी करून, वर्षभरापूर्वी लांबणीवर टाकलेले जैविक औषध या वेळी सुरू करण्यात आले. या उसळीत पीएचक्यू-९ चे गुण ११ पर्यंत चढले आणि तीन महिन्यांत ६ वर आले. बाईंनी त्या काळात दोन आठवड्यांची रजा घेतली, मेथोट्रेक्सेटचे एकही इंजेक्शन चुकवले नाही, आणि समुपदेशनाची एक भेट फोनवर करून घेतली.

सर्ट्रालिन चालू आहे. नैराश्य ओसरल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते आणि आमवात असेपर्यंत नैराश्य परतण्याचा धोका राहतो, म्हणून ते कमी करण्याचा निर्णय सांधे शांत असतील अशा काळातच घ्यायचा असे बाईंनी आणि दोन्ही विभागांनी मिळून ठरवले आहे. प्रत्येक भेटीत निर्देशांकाचे चारही घटक सुटे लिहिले जातात आणि त्यांच्या शेजारी पीएचक्यू-९ चे गुण.